अमेरिकेचं नागरिकत्व सोडताना केलेला हिशेब

अमेरिकेचं नागरिकत्व सोडल्यावर कर किती वाचला, असं मला नागपुरात बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात, वीस-पंचवीस वर्षं तिकडे काढून आईवडिलांसाठी किंवा स्वतःच्या उतारवयासाठी परतलेले. लक्ष्मीनगर, धरमपेठ, त्रिमूर्तीनगर या भागांत अशी घरं आता कमी नाहीत. त्यांना मी आधीच सांगते की माझा आयकर जवळपास तेवढाच राहिला. सुटलं ते दुसरंच काही. आणि जे हातचं गेलं, त्याचा हिशेब बहुतेक लोक नागरिकत्व सोडण्याची शपथ घेऊन झाल्यावर मांडतात. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे. मी करसल्लागार नाही. व्हीआरसीईतून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झालेली बाई आहे. पण स्वतःच्या कागदांपुरता हा विषय मी अक्षर न् अक्षर वाचला आहे.

मी आणि माझा नवरा २००९ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालो. भारताच्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा केला आणि पुढच्या वर्षी ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहू देणारी ओळखपत्रं, घेतली. २०१७ मध्ये बाबांचं आजारपण वाढलं तेव्हा नागपूरला आलो, ते राहायलाच. बाबा गेल्यावर काटोलजवळची संत्र्याची बाग माझ्या आणि भावाच्या नावावर चढली. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. त्यामुळे सातबाऱ्यावर माझं नाव लागायला अडचण आली नाही. शेजारची विहिरीची पट्टी विकायला निघाली तेव्हा मात्र मला ती घेता येईना. नागरिकत्वाचा विचार पहिल्यांदा डोक्यात आला तो त्या विहिरीमुळे. कराचा हिशेब त्यामागून आला.

भारत कर लावतो तो माणूस राहतो कुठे हे पाहून. वर्षात १८२ दिवस इथे काढले की निवासी. बरीच वर्षं बाहेर राहून परतलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं थोडी सवलत मिळते, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही. तो काळ संपला की जगभरातलं सगळं उत्पन्न भारताच्या रिटर्नमध्ये येतं, मग खिशातला पासपोर्ट कोणत्याही रंगाचा असो. अमेरिका मात्र आपला नागरिक काटोलला राहो की कॅलिफोर्नियात, त्याच्याकडून दरवर्षी हिशेब मागते. नुसत्या नागरिकत्वावरून असा कर मागणारा जगात दुसरा देश म्हणून इरिट्रियाचंच नाव घेतलं जातं. दोन्ही देशांमध्ये १९८९ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्यातच अमेरिकेने लिहून ठेवलं आहे की आपल्या नागरिकांवर आम्ही करार नसल्यासारखा कर लावू शकतो, मोजके अपवाद सोडून.

ऐकायला हे भयंकर वाटतं. प्रत्यक्षात एफडीचं व्याज, घरभाडं, इथली पेन्शन यांवर भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे करातून तेवढी वजावट, अमेरिकेत मिळतं. मध्यम उत्पन्नावर भारताचे दर अमेरिकेपेक्षा चढे असल्यामुळे तिकडे वेगळं काही भरावं लागत नाही. भरावे लागतात ते कागद. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे एकाच एफडीचं व्याज आणि एकाच टीडीएसचे तुकडे दोन वर्षांत वाटायचे, डॉलरमध्ये करायचे, मग तिकडच्या सीपीएला, म्हणजे अमेरिकी सीएला, पाठवायचे, आणि अमेरिकेत कापलेल्या कराचं क्रेडिट इथे हवं असेल तर फॉर्म ६७ वेगळा भरायचा. आमच्या घरी फेब्रुवारी ते जुलै हाच उद्योग चाले.

खरा फटका बसतो तो भारताने जिथे कर माफ केला आहे तिथे. भारतात कर भरलेलाच नसेल तर क्रेडिट कसलं मिळणार? संत्र्याचंच घ्या. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. अमेरिकेच्या लेखी मात्र मी परदेशात स्वतःचा व्यवसाय करणारी नागरिक होते. त्यामुळे आंबिया बहाराचा व्यापाऱ्याशी झालेला सौदा, निंदणाची मजुरी, फवारणी, ठिबकच्या नळ्या, विहिरीवरची मोटर, हे सगळं त्यांच्या शेतीच्या तक्त्यात डॉलरमध्ये मांडायचं. त्या नफ्यावरचा आयकर आमच्या बाबतीत तिकडच्या स्टँडर्ड डिडक्शनमध्ये बराचसा मिटायचा. पण त्याखेरीज १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, म्हणजे सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (उतारवयातला आरोग्यविमा) यांचा हप्ता, आणि त्याला ना स्टँडर्ड डिडक्शन लागू होतं ना परदेशी कराचं क्रेडिट. अमेरिकेचे काही देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, तिथे हा कर दोनदा भरावा लागत नाही. भारताशी असा करार नाही. हा कर नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर मोजतात, म्हणजे १० लाखांच्या निव्वळ नफ्यावर सुमारे १ लाख ४१ हजार रुपये.

बाग सांभाळणाऱ्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "काहून वं बाई? झाड इथलं, पाणी इथलं, मंग तिकडच्या सरकारले पैसा कायचा?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे कायद्यापलीकडे नव्हतं, आणि आजही नाही. गारपीट झाली की नुकसान आमचं. कोळशी पडली, फळगळ झाली, तरी आमचंच. चांगल्या वर्षी मात्र हिस्सा ज्या देशाने या मातीला काही दिलं नाही त्याचाही. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. तिथे नोकरी करताना मी त्याच कराचा प्रत्येक हप्ता आनंदाने भरला होता, कारण तेव्हा राहत तिथे होते.

बँकेच्या खात्यांचा प्रकार वेगळा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. दोन-तीन एफडी असल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. त्यात खात्याचा नंबर, बँकेचा पत्ता, वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक, सगळं द्यायचं, आणि आपलं नाव जिथे जिथे आहे ती सगळी खाती त्यात येतात. आईच्या पेन्शनच्या खात्यावर सोयीसाठी माझं नाव दुसरं होतं, म्हणून तेही. "माझ्या पेन्शनचा आकडा अमेरिकेला कशाला सांगतेस गं?" असं आईने विचारलं होतं. एकही पैसा कर नसतानाही एफबार राहून गेला तर दंडच १०,००० डॉलरच्या वरही जाऊ शकतो. पूर्वी तो प्रत्येक खात्यामागे धरायचा की प्रत्येक वर्षामागे यावर वाद होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिटनर खटल्यात ठरवलं की जाणूनबुजून नसलेल्या चुकीला दंड वर्षाच्या फॉर्ममागे एकच. तो निकाल आला त्या आठवड्यात परतलेल्या आमच्या ओळखीच्या मंडळींत दुसरा विषयच नव्हता.

बचतीचे मार्ग बंद होतात ते आणखी वेगळं दुखणं. भारतातला कुठलाही म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी, म्हणजे गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, ठरतो. त्यासाठी दरवर्षी प्रत्येक फंडाचा फॉर्म ८६२१ भरावा लागू शकतो, आणि नफ्यावर त्या-त्या वर्षाचा सर्वांत चढा दर आणि वर व्याज अशी आकारणी होते. काही फंड कंपन्या तर फॅटका या अमेरिकी खातेमाहिती कायद्याच्या घोषणापत्रात अमेरिकन नागरिक अशी खूण दिसली की अर्जच घेत नाहीत. भारत-अमेरिका फॅटका करार २०१५ चा, तेव्हापासून इथल्या बँका आणि फंड अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती पुढे कळवतात. पीपीएफचं व्याज आपल्याकडे करमुक्त, तिकडे करपात्र. आयुर्विम्याच्या परदेशी पॉलिसीच्या हप्त्यावर १ टक्का अबकारी कर. एकेकटी बाब लहान आहे. पण ज्या गावात राहायचं ठरवलं तिथे शेजारी जे साधेपणाने करतो, एसआयपी लावतो, पॉलिसी घेतो, ते आपल्याला करता येत नाही, हे रोज जाणवतं.

मग रामदासपेठेतल्या आमच्या सीएंसमोर आणि व्हिडिओ कॉलवर तिकडच्या सीपीएसमोर सगळी कागदपत्रं ठेवली. नागरिकत्व सोडणाऱ्यावर लागणाऱ्या कराला लोक एक्झिट टॅक्स म्हणतात. त्याचं आजचं रूप २००८ च्या कायद्यातलं. तो सगळ्यांना लागत नाही. तीन कसोट्या आहेत, त्यातल्या एकीत जरी अडकलात तरी तुम्ही 'कव्हर्ड' ठरता, म्हणजे या कराच्या कक्षेत येता. पहिली, जगभरातली निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त. दुसरी, मागच्या पाच वर्षांचा सरासरी वार्षिक आयकर ठराविक रकमेच्या वर, ती २०२४ साठी २ लाख १ हजार डॉलर होती. तिसरी कसोटी पैशाची नाही, आणि तिथेच साधी माणसं अडकतात. मागच्या पाचही वर्षांची सगळी करविषयक कर्तव्यं पूर्ण केली आहेत, असं खोटं ठरल्यास शिक्षेच्या अटीवर लिहून द्यायचं. कोणी पाच वर्षांत एखादं रिटर्न टाकलंच नसेल, तर बँकेत दहा लाख रुपये असले तरी तो कव्हर्ड. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, आधी मागची पाच वर्षं स्वच्छ करा, मग शपथेची तारीख मागा.

दुसरी कसोटी आमच्यासारख्यांना लागत नाही. पहिलीचा मात्र विचार करायला लागला. २० लाख डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १७ कोटी रुपये, आणि ही मर्यादा महागाईबरोबर वाढत नाही. त्यात न्यू जर्सीचं घर विकून आलेला पैसा, ४०१ के (तिकडच्या नोकरीतलं निवृत्तीचं खातं), नागपूरचं घर, काटोलच्या बागेतला हिस्सा, दागिने, सगळं धरायचं. नागपुरात गेल्या काही वर्षांत जागेचे भाव जसे वर गेले, मिहान आणि वर्धा रोडच्या बाजूला विशेषतः, ते पाहता वडिलोपार्जित प्लॉट असलेल्याला हा आकडा आता परका राहिलेला नाही. मी नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून घराचं आणि बागेचं मूल्य काढून घेतलं. मर्यादेच्या बऱ्याच आत होते, पण अंदाजावर सही करायची माझी तयारी नव्हती.

कव्हर्ड ठरलं तर काय होतं हेही समजून घ्यावं. नागरिकत्व सोडण्याच्या आदल्या दिवशी सगळी मालमत्ता विकली असं धरून नफा काढतात. त्यातले २०२४ साठी ८ लाख ६६ हजार डॉलर माफ, वरच्यावर कर. आयआरए, म्हणजे स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं, असेल तर ते सगळंच्या सगळं त्या दिवशी काढलं असं समजतात. सर्वांत जड गोष्ट पुढच्या पिढीला भोवते. कव्हर्ड माणसाने पुढे कधीही अमेरिकेतल्या मुलाला मोठी भेट दिली किंवा वारसा ठेवला, तर घेणाऱ्या मुलाला ४० टक्के कर. ज्यांची मुलं तिकडेच स्थायिक आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांची आहेतच, त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे पाहावं.

आता जे गेलं त्याकडे वळते.

सोशल सिक्युरिटीची पेन्शन थांबत नाही. कामाचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, पूर्ण असतील तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती मिळते. पण नागरिक असताना तिच्यावर साध्या चढत्या दराने कर होता. उत्पन्न कमी असेल तर तो शून्यही येतो. नागरिकत्व गेल्यावर तिचा ८५ टक्के भाग करपात्र धरून सरसकट ३० टक्के कापतात, म्हणजे एकूण रकमेच्या २५.५ टक्के. महिना १,५०० डॉलर पेन्शन असेल तर ३८२.५० डॉलर जागच्या जागी गेले, जन्मभर, दर महिन्याला. करारानुसार ही पेन्शन भारतात करपात्र नाही, त्यामुळे इथल्या करात त्याची वजावटही मिळत नाही. माझ्या हिशेबात हा सर्वांत मोठा कायमचा तोटा होता. संत्र्यावरचा वाचणारा कर आणि पेन्शनवरचा वाढणारा कर समोरासमोर ठेवले तेव्हा कळलं की चांगल्या बहाराच्या वर्षी मी पुढे आणि मंद वर्षी मागे.

४०१ के चं गणित उलट बाजूने बरं आहे. करारानुसार भारतात राहणाऱ्या परकीयाची खासगी पेन्शन फक्त भारतात करपात्र. त्यासाठी फंडाला आपण परकीय असल्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म द्यायचा, नाहीतर ते ३० टक्के कापून घेतात. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यात २०२१ साली आलेल्या कलम ८९ए खाली फॉर्म १०ईई भरला असेल तर आत साठणाऱ्या वाढीवर दरवर्षी कर लागत नाही, पैसे काढले तेव्हाच लागतो. पण इथे राहायला लागल्यापासून भारताचा कर मला होताच, आणि जास्त तोच होता. एक देश बाजूला झाला, रक्कम तीच राहिली.

आणि मग वारसा कर. आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली, त्यामुळे हा विषय आपल्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेच्या नागरिकाला २०२४ मध्ये १ कोटी ३६ लाख १० हजार डॉलरपर्यंत माफी होती. नागरिक नसलेल्या आणि तिथे न राहणाऱ्या माणसाला माफी फक्त ६०,००० डॉलरची. त्यावरच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर, म्हणजे तिथल्या कंपन्यांचे शेअर, तिथले फंड, ४०१ के, यांवर दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. बँकेतल्या साध्या ठेवी त्यातून सुटतात. भारत आणि अमेरिकेत वारसा करापुरता करार नाही. त्यामुळे तिथले इंडेक्स फंड मी नागरिक असतानाच मुलीच्या नावावर केले. आयुष्यभराच्या मोठ्या माफीतून ते गेले, भेटींसाठीचा फॉर्म ७०९ भरला, कर लागला नाही. शपथेनंतर हे करायला गेले असते तर ती माफी माझी राहिली नसती.

माझ्या नवऱ्याने नागरिकत्व सोडलं नाही. त्याची बहुतेक बचत अमेरिकी शेअरांत आहे, पेन्शन माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि बागेत त्याचा हिस्सा नाही. त्याच्या आकड्यांत सोडण्याने तोटाच दिसत होता. एका घरात, एका छताखाली, दोन उत्तरं आली. लोक म्हणतात की अमक्याने सोडलं, त्याला फायदा झाला, आपणही सोडू. माझ्या घरातलंच उदाहरण सांगतं की तसं होत नाही. आम्हाला त्याची किंमत म्हणजे त्याला आता विवाहित पण वेगळं रिटर्न भरावं लागतं, आणि आमची जॉइंट खाती एफबारमध्ये जातात. म्हणून बागेच्या खात्यावरून त्याचं नाव काढलं.

भारताचं नागरिकत्व परत घेण्याचा रस्ता कायद्यातल्या कलम ५ मधून जातो. पाच वर्षं ओसीआय म्हणून नोंद असलेला आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला माणूस नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. त्या बारा महिन्यांत फारसं बाहेर जाता येत नाही, त्यामुळे मुलीकडे जाणं पुढे ढकललं. अर्ज ऑनलाइन, मग कागद सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथे माझ्यासोबत जरीपटक्यातली काही सिंधी कुटुंबं बसलेली असायची, पाकिस्तानातून आलेली, वर्षानुवर्षं याच एका कागदाची वाट पाहणारी. मी दोन देशांतून एक निवडत होते आणि त्यांना एकही हाती लागत नव्हता. त्यांच्याशी बोलताना माझ्या चढ्याउतरत्या टक्केवारीचं ओझं मला फार वाटेनासं झालं. पोलीस चौकशी झाली, फाइल मुंबईमार्गे दिल्लीला गृहमंत्रालयात गेली.

दिल्लीहून उत्तर येतं ते थेट प्रमाणपत्राचं नसतं. अर्ज तत्त्वतः मान्य आहे, आता परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा, असं पत्र येतं. ते हातात आल्याशिवाय अमेरिकेच्या दूतावासाची पायरी चढू नये. कारण तिथली शपथ मागे घेता येत नाही.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेले. वाणिज्यदूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अर्ज आधीच पाठवलेले असतात. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं की कोणाचा दबाव आहे का, परिणाम समजले आहेत का, आणखी विचार करायचा आहे का. कराबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फी २,३५० डॉलर, जवळपास दोन लाख रुपये. २०१४ पर्यंत ती ४५० होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा ४५० करण्याचा प्रस्ताव आला होता, पण मी गेले तेव्हा २,३५० च लागत होती. उजवा हात वर करून शपथ घेतली. ज्या देशाने मला काम दिलं, माझ्या मुलीला शिकवलं, त्याच्याशी असलेले सगळे हक्क आणि कर्तव्यं सोडते आहे, असं स्वतःच्या तोंडाने म्हणताना आवाज कापला. तो देश मला कधीच परका वाटला नाही.

कराच्या दृष्टीने नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. ते संपल्याचं प्रमाणपत्र वॉशिंग्टनहून मंजूर होऊन यायला काही महिने लागले, त्यावर तारीख मात्र शपथेचीच होती. मधल्या काळात मी कोणत्याच देशाची नागरिक नव्हते. पासपोर्ट जमा, हातात गृहमंत्रालयाचं पत्र आणि ओसीआय कार्ड. मुलीकडे काही झालं असतं तरी निघता आलं नसतं. ज्यांच्या घरी तिकडे आजारपण आहे किंवा बाळंतपण जवळ आलं आहे, त्यांनी ही वेळ निवडू नये. प्रमाणपत्र आलं, ते जोडून कागद पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालयात दिले, भारताच्या राज्यघटनेशी निष्ठेची प्रतिज्ञा घेतली, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं.

त्या वर्षाचं रिटर्न दोन तुकड्यांत जातं. शपथेपर्यंतचा भाग नागरिकाचा आणि पुढचा परकीयाचा. त्यासोबत फॉर्म ८८५४, ज्यात त्या तीन कसोट्यांची उत्तरं आणि मालमत्तेचा ताळेबंद असतो. तो न भरल्यास १०,००० डॉलर दंड होऊ शकतो आणि कव्हर्ड ठरण्याचा धोका वेगळा. नागरिकत्व सोडणाऱ्यांची नावं अमेरिकी सरकार दर तीन महिन्यांनी फेडरल रजिस्टरमध्ये छापतं. कोणाला गुप्तपणे हे करायचं असेल तर ते होत नाही. कर चुकवण्यासाठी नागरिकत्व सोडलं असं ठरलं तर प्रवेश नाकारण्याची तरतूद १९९६ पासून कायद्यात आहे. ती क्वचितच वापरतात, पण मुलीकडे जायला आता व्हिसा लागणार असल्याने ती मला माहीत असलेली बरी.

भारतातलं माझं रिटर्न काही हलकं झालेलं नाही. परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, दरवर्षी भरावाच लागतो. ४०१ के त्यात येतं. चुकलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे.

माझा भाचा दुबईत असतो. त्याने विचारलं, "मावशी, मग भारताचं नागरिकत्व सोडलं तर माझा टॅक्स वाचेल का?" त्याचा प्रश्न माझ्या उलटा होता. २०२४ मध्ये २ लाख ६ हजारांहून जास्त लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, असा आकडा सरकारने संसदेत दिला आहे, आणि त्यातल्या अनेकांना वाटतं की यात कराचा काही लाभ आहे. भारत नागरिकत्वावर कर लावतच नाही, त्यामुळे सोडून वाचण्यासारखं फारसं काही नसतं. एकच अपवाद आहे. २०२०-२१ पासून, ज्या भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो दुसऱ्या कोणत्याच देशात कराला पात्र नाही, त्याला भारत निवासी मानतो. तेव्हाही त्याच्या परदेशातल्या पगाराला हात लागत नाही. इथून चालवलेल्या धंद्याचं परदेशी उत्पन्न तेवढं आत येतं. भाच्याचं इथलं उत्पन्न एका फ्लॅटचं भाडं. त्याला मी सांगितलं की पासपोर्ट जपून ठेव.

विहिरीची पट्टी गेल्या वर्षी खरेदी केली, काटोलच्या दुय्यम निबंधकांकडे माझ्या नावाने खरेदीखत झालं. संत्र्याचा हिशेब आता भावाच्या वहीत आणि माझ्या वहीत रुपयांतच राहतो. उरला आहे तो ४०१ के. वारशाच्या ६०,००० डॉलरच्या मर्यादेखाली ती रक्कम आणेपर्यंत दर आर्थिक वर्षात थोडी थोडी काढते आहे, आणि इथल्या स्लॅबमध्ये एकदम वर जाणार नाही एवढीच काढते. मुलीला खात्याचा तपशील, नागरिकत्व संपल्याचं प्रमाणपत्र आणि फॉर्म ८८५४ ची प्रत दिली आहे, कारण मधेच मला काही झालं तर ही कागदपत्रं तिलाच दाखवावी लागतील.